९०४एलच्या टाकीला टिग वेल्डिंगची कुठली रॉड? बजेट ५ हजार

कुपवाडचा_टिगवाला: नमस्कार मंडळी, सौम्य सल्फ्युरिक ॲसिडची टाकी आलीय, पत्रा ९०४एल (ॲसिडला टिकणारं स्टेनलेस), ६ एमएम, दोन नॉझल (पाइप जोडायची तोंडं) बदलायचेत. आजवर सगळं डेअरीचं काम, ३०४ पत्र्याला ३०८एल रॉड आणि ३१६एल ला ३१६एल, डोकं लावायची वेळच आली नाही. ह्याला काय वापरू? ५ हजाराच्या वर जमणार नाही, पार्टी आत्ताच घासाघीस करतीय.

बापू_पलूस: डोळं झाकून ३०९एल. एमएसला (साध्या लोखंडाला) एसएस (स्टेनलेस) जोडायला १५ वर्षं तेच वापरतोय, एक जॉब परत आला नाही.

मिरज_एसएस: बापू, एमएसला ठीक आहे ओ, ॲसिडला नाही. ९०४एलमधी साडेचार टक्के मॉलिब्डेनम असतंय, वर तांबं, ३०९एलमधी ह्यातलं काय नाही. मी तीच हुशारी केलती, पत्रा शाबूत आणि जोडावर नख जाईल एवढी खाच, पदरचे पैसे घालून परत करून दिलं. ३८५ घे, ९०४एलच्याच जातीची रॉड.

सातारी_कंदी: मशीन कुठलं आहे ते सांग आधी. मी परवाच पल्सवालं घेतलं, लोण्यागत चालतंय.

इस्लामपूर_फॅब: सरळ ६२५ (निकेलची रॉड) मार. वेल्ड थिजताना मॉलिब्डेनम सगळीकडं सारखं बसत नाही, म्हणून फिलर (म्हणजे रॉड) पत्र्यापेक्षा चढा असलेला बरा. महाग आहे, पण झोप लागते.

बापू_पलूस: त्यानं ५ हजार लिहिलंय, दिसंना का? आणि चुंबक लावून बघ, चिकटला तर माल डुप्लिकेट.

मिरज_एसएस: चुंबकाचं काय घेऊन बसलाय, ३०८एलच्या चांगल्या वेल्डला पण जरा ओढ असतीय, त्यात फेराइट असतं. ३८५ मधी ते नसतंच, म्हणून गरम असताना तडकायची भीती. करंट कमी, हात झुलवायचा नाही, आधीचा पास (वेल्डचा थर) १०० डिग्रीच्या खाली आल्याशिवाय पुढचा नाही. मागनं आरगॉन सोड नाहीतर आतून काळं फुलतंय.

सातारी_कंदी: मी पण ३८५ च म्हणणार होतो. मशीन सांगितलं नाहीस अजून.

कुपवाडचा_टिगवाला: आभार सगळ्यांचे. दुकानदार ३८५ चं ५ किलोचं अख्खं पाकीटच घ्या म्हणतोय, मला लागणार पाव किलो. त्याच पत्र्याचा तुकडा उरलाय, त्याच्या बारीक पट्ट्या कापून वापरतो.

मिरज_एसएस: अरे लगा, फिलरमधी सल्फर-फॉस्फरस मुद्दाम कमी ठेवलेलं असतं, पट्टीत तशी खात्री नाही. निदान प्रत्येक पासला डीपी (रंग लावून चीर शोधायची टेस्ट) मारून बघ.

बापू_पलूस: त्यापेक्षा ३०९एल बरं होतं.