मदत हवी आहे: प्लॅन २०० चा, लॅपटॉपवर जेमतेम ४०

वैतागलेला_डोंबिवलीकर
फायबरचा २०० एमबीपीएसचा प्लॅन आहे. दर महिन्याला जीएसटीसकट पैसे मोजतोय आणि लॅपटॉपवर स्पीड टेस्टचा काटा ३८-४० च्या वर सरकत नाही. फोन केला की एकच पालुपद, "सर, राउटर बंद करून चालू करा." करून करून बटण झिजलं. शेवटी माणूस आला, स्वतःच्या मोबाइलवर १९० दाखवलं, "आमच्याकडून ओके आहे" म्हणाला आणि सही घेऊन गेला. मोबाइलवर १९० घेऊन मी काय करू? काम लॅपटॉपवर आहे. कोणाला नक्की माहीत असेल तर लवकर सांगा. राउटर बदला म्हणू नका, नवा आहे.

बापू_नेटवाले
लॅपटॉप कुठला, कधी घेतलेला? राउटर त्याच खोलीत की भिंतीपलीकडे? वाय-फायचं एकच नाव दिसतं की शेवटी ५जी (५ गीगाहर्ट्झ, मोबाइलचं ५जी नव्हे) लावलेलं दुसरंही दिसतं?

सुमेधा_के
बऱ्याच जणांचा इथेच घोळ होतो. प्लॅन मेगाबिटमध्ये असतो आणि डाउनलोड मेगाबाइटमध्ये दिसतं. २०० ला ८ ने भागा, २५ येतात. तुम्हाला ४० मिळतायत म्हणजे उलट जास्तच!

वैतागलेला_डोंबिवलीकर
ताई, स्पीड टेस्टचं बोलतोय. तिथे एमबीपीएसच असतं.
बापू, लॅपटॉप चांगला आहे. आय५, ८ जीबी रॅम, एसएसडीही टाकून घेतलीय. राउटर हॉलमध्ये, मीही हॉलमध्येच. नाव एकच दिसतं.

ग्राहकराजा
हे सगळे चोर आहेत. जाहिरातीत "अप टू" बारीक अक्षरात असतं ते यासाठीच. सरळ ट्रायकडे, म्हणजे दूरसंचार नियामकाकडे तक्रार ठोका.

विनायक_ठाणे
ट्राय एकेकट्या ग्राहकाची तक्रार हाताळत नाही हो. आधी कंपनीच्या कॉल सेंटरवर तक्रार करून नंबर घ्यायचा, समाधान झालं नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याकडे जायचं. पण मोबाइलवर १९० येत असताना कोणाविरुद्ध अपील करणार?

मेशप्रेमी
मेश सिस्टीम घ्या (घरभर एकमेकांना जोडलेले वाय-फायचे डबे), विषय संपला. आमच्या ३ बीएचकेत दोन डबे ठेवले, बाथरूममध्येसुद्धा रेंज.

बापू_नेटवाले
अहो, ते राउटरसमोर बसलेत. रेंजचा प्रश्नच नाही, मेश काय करणार?
डोंबिवलीकर, आय५ आणि रॅमचा इथे संबंध नाही. वाय-फायला जोडलेले असताना सेटिंग्जमध्ये त्या नेटवर्कच्या प्रॉपर्टीज उघडा आणि खाली जा. प्रोटोकॉल, नेटवर्क बँड, लिंक स्पीड अशा ओळी दिसतील. त्या जशाच्या तशा इथे टाका. डिव्हाइस मॅनेजरमध्ये नेटवर्क अडॅप्टर्सखाली वाय-फाय कार्डाचं नाव असतं, तेही. केबल लावून टेस्ट केलीत का?

खडूस_काका
१५ ऑगस्ट १९९५ ला व्हीएसएनएलने इंटरनेट सुरू केलं, त्यानंतर कित्येक वर्षं आम्ही मॉडेमची किंकाळी ऐकत बसायचो. एक फोटो वरून खाली उतरेपर्यंत चहा व्हायचा. तुम्हाला ४० कमी पडतात!

वैतागलेला_डोंबिवलीकर
काका, तुमच्या चहावर माझा पगार होत नाही.
बापू, घ्या:
प्रोटोकॉल: वाय-फाय ४ (८०२.११एन)
बँड: २.४ गीगाहर्ट्झ
लिंक स्पीड: ७२/७२
कार्डाच्या नावात ८०२.११बी/जी/एन आहे. लॅपटॉप २०१८ चा, आठव्या पिढीचा आय५.
केबल लावली तर ९४. म्हणजे केबलवरही निम्मेच! आता बोला.

ग्राहकराजा
बघा! केबलवरही ९४! मी काय म्हणत होतो?

बापू_नेटवाले
राजे, जरा दम धरा. ९४ आकडा पाहिला की लाइन नाही, पोर्ट किंवा केबल तपासायची. १०० एमबीपीएसच्या पोर्टवर डेटाबरोबर जाणारं बाकीचं ओझं वजा करून साधारण ९४-९५ च उरतात. स्वस्तातल्या लॅपटॉपांना गिगाबिटऐवजी (१००० एमबीपीएसऐवजी) असा पोर्ट सर्रास दिलेला असतो. नाहीतर केबलमधली एखादी जोडी तुटलेली असेल. गिगाबिटला चारही जोड्या लागतात, शंभरला दोन पुरतात.

आता वाय-फाय. तुमचं कार्ड फक्त २.४ वर चालतं, तेही एका अँटेनावर. ७२ हा त्याचा २० मेगाहर्ट्झच्या चॅनेलवरचा कमाल लिंक स्पीड, म्हणजे कार्ड आणि राउटरमधला वेग आहे, आणि हवेतून हातात निम्मा-पाऊण मिळतो. म्हणजे ४० हे त्या कार्डाचं चोख काम आहे. त्या माणसाचा मोबाइल ५ गीगाहर्ट्झच्या वेगवान बँडवर होता. राउटर दोन्ही बँड एकाच नावाने सोडतो, म्हणून तुम्हाला फरक दिसला नाही. प्लॅन ५०० चा केलात तरी लॅपटॉपवर हेच ४०.

सह्याद्री_२४
बापू, अर्धवट सांगताय. डोंबिवलीच्या बिल्डिंगमध्ये २.४ वर शेजाऱ्यांची वीस-वीस नावं दिसतात. राउटरमध्ये जाऊन चॅनेल ऑटोवरून काढा, १, ६ किंवा ११ ठेवा. हे तीनच एकमेकांवर चढत नाहीत. माझा स्पीड यानेच दुप्पट झाला.

बापू_नेटवाले
तुमचा १५ चा ३० झाला असेल. यांना ७२ च्या लिंकवर ४० मिळतायत, म्हणजे गर्दीचा फारसा त्रासच नाही. चॅनेल बदलून फार तर ४५ होईल. २०० नाही.

वैतागलेला_डोंबिवलीकर
मग आता? लॅपटॉप फेकू?

स्क्रूड्रायव्हर
कार्ड बदला की. एएक्स२०१ घ्या, ऑनलाइन मिळतं. खालचे स्क्रू काढायचे, छोटं कार्ड दिसतं, बदलायचं.

विनायक_ठाणे
एएक्स२०१ नको! त्याचं अर्धं काम प्रोसेसरच्या बाजूला असतं, त्याला दहाव्या पिढीपासून पुढचं इंटेल लागतं. आठव्या पिढीवर चालणार नाही. एएक्स२१० घ्या, ते साध्या पीसीआयईवर चालतं. उघडण्याआधी दोन गोष्टी. काही लॅपटॉपांच्या बायोसमध्ये (मशीन सुरू करणाऱ्या प्रोग्राममध्ये) ठरावीक कार्डांचीच यादी असते, दुसरं कार्ड दिसलं की मशीन चालूच होत नाही. तुमच्या मॉडेलचं काय आहे ते आधी शोधा. दुसरं म्हणजे अँटेनाच्या तारा. काळी आणि पांढरी, टोकाला मुगाच्या दाण्याएवढी सोनेरी टोपी. ती नखाने सरळ वर उचलायची. तिरकी ओढली की तुटली. आत एकच तार निघाली तरी हरकत नाही, ५ गीगाहर्ट्झवर एका अँटेनालाही एसी (८०२.११एसी, म्हणजे वाय-फाय ५) राउटरशी ४३३ चा लिंक मिळतो. तुमच्या २०० ला पुरे.

स्क्रूड्रायव्हर
माझ्या लॅपटॉपला २०१ च चालतंय.

विनायक_ठाणे
तुमचा कितव्या पिढीचा?

स्क्रूड्रायव्हर
अकराव्या.

बापू_नेटवाले
उघडाउघड नको असेल तर यूएसबी डोंगल (बाहेरून खोचायचं वाय-फाय कार्ड) लावा. खोक्यावर ड्युअल बँड आणि एसी लिहिलंय ना ते बघून घ्या. नखाएवढे १५० वाले येतात ते २.४ चेच असतात, त्यात पैसे घालवू नका. डोंगल यूएसबी ३ च्या खाचेत लावायचं.

सुमेधा_के
आमच्याकडे वाय-फाय छान आहे पण टीव्हीवर क्रिकेट अडकतं. त्यालाही डोंगल लागेल का?

बापू_नेटवाले
ताई, टीव्हीसाठी वेगळा धागा काढा.

वैतागलेला_डोंबिवलीकर
स्टेशनजवळच्या दुकानातून ड्युअल बँड डोंगल आणलं. लावल्यावरही ४१!! दुकानदार म्हणतो परत घेणार नाही.

विनायक_ठाणे
डिव्हाइस मॅनेजरमध्ये जुनं कार्ड डिसेबल केलंत? विंडोज अजून त्याच्यावरूनच जात असेल. आणि राउटरच्या पानावर जाऊन ५ ला वेगळं नाव द्या, मग डोंगल त्यालाच जोडा.

वैतागलेला_डोंबिवलीकर
१८६. चालू द्या तुमचं, मी कामाला लागतो.

ग्राहकराजा
उरलेले १४ कुठे गेले ते कंपनीला विचारा!