मदत हवी आहे: रात्रपाळीचे तास दोन तारखांत तुटतात

हजेरीसाठी आमच्याकडे बोटाच्या ठशाचं मशीन आहे. दिवसपाळीची तक्रार नाही. रात्रपाळीवाले 10 ला आत येतात, सकाळी 6 ला सुटतात, पण मशीनची तारीख मध्यरात्री बदलते. मग सोमवारी ‘मिस पंच’ (पंच म्हणजे मशीनवरची आत-बाहेरची नोंद; इथे बाहेरची सापडत नाही), आणि मंगळवारी पहिला पंच सकाळी 6, शेवटचा रात्री 10, म्हणून चक्क सोळा तास काम!

सगळं एक्सेलमध्ये काढून हाताने जुळवते. तिथे ‘आउट’मधून ‘इन’ वजा केलं की उत्तर उणे. महिन्याची बेरीज 200 तास यायला हवी, तर 8:00 दिसते. त्यात काहींची बोटं कामाने इतकी झिजलीत की मशीन ठसाच घेत नाही.

साहेब म्हणतात, सरसकट आठ तास लाव. मला ते पटत नाही, जो जास्त थांबला त्याचा ओव्हरटाइम बुडतो. जाणकारांनी मार्गदर्शन करावं.

प्रतिसाद 1: सॉफ्टवेअरच्या शिफ्ट सेटिंगमध्ये दिवस बदलण्याची वेळ असते (नाव प्रत्येकाचं वेगळं). ती मध्यरात्रीऐवजी अशा वेळेला ठेवा जेव्हा रात्रपाळीचं कुणीच आत-बाहेर करत नाही, उदा. दुपारी 12. एक्सेलला पूर्ण दिवस म्हणजे 1, त्यामुळे उणे उत्तरात 1 मिळवा. बेरीज 24 तास झाले की पुन्हा शून्यापासून दिसते. 200 मधून 192 गेले, उरले 8. सेलच्या फॉरमॅटमध्ये तासाचा ‘एच’ चौकोनी कंसात टाका. पगारासाठी 24 ने गुणा, कारण साडेआठ तास म्हणजे 8.5, 8.30 नव्हे.

प्रतिसाद 2: सरसकट आठ अजिबात नको. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या 1919 च्या पहिल्याच करारात दिवसाला 8 आणि आठवड्याला 48 तासांची मर्यादा आहे, आणि जादा तासांची नोंद मालकाने ठेवायची असंही त्यातच आहे. ठसा न उमटणाऱ्यांची दुसरी बोटं नोंदवा, नाहीतर कार्ड द्या. हाताने दुरुस्ती केलीत तर मूळ पंच पुसू नका. शेजारी कारण, तुमची सही आणि त्या माणसाचीही सही.

धागाकर्ती: वेळ दुपारी 12 केली, आजचा अहवाल बरोबर आला. मागच्या तारखा मात्र तशाच आहेत.

प्रतिसाद 1: त्या तारखांची हजेरी पुन्हा प्रोसेस करावी लागेल. आधी बॅकअप घ्या, हातच्या दुरुस्त्या उडू शकतात.