ब्रिटनच्या मेडिकलसाठी पर्सनल स्टेटमेंट: ४००० कॅरेक्टरांत काय ठेवायचं?

सुरंगी_कुडाळ
नमस्कार. धाकटी बहीण बारावी सायन्सला आहे, युकॅसवरून (ब्रिटनच्या विद्यापीठांचे अर्ज जिथून जातात) मेडिकलचा अर्ज करायचाय. त्यात पर्सनल स्टेटमेंट म्हणून स्वतःबद्दल लिहावं लागतं. आपल्याकडे सगळा मामला नीटच्या मार्कांचा, 'स्वतःबद्दल लिहा' असं कोणी विचारत नाही. क्लासच्या ग्रुपवर जे नमुने फिरतात ते एकसलग निबंधाचे आहेत, आणि आता म्हणे तीन प्रश्न असतात. मे महिन्यात तिने परवानगी काढून ग्रामीण रुग्णालयात पंधरा दिवस निरीक्षण केलंय. सुरुवात 'लहानपणापासून डॉक्टर व्हायचं स्वप्न होतं' अशी केलीय. कुठे किती लिहायचं? आणि नीट द्यावीच लागेल का?

कातळसडा
ताई, ते नमुने आधी बाजूला ठेवा. २०२६ च्या प्रवेशापासून सलग निबंध बंद झाला. आता तीन प्रश्न: हाच कोर्स का, शिक्षणातून त्याची तयारी कशी झाली, आणि शिक्षणाबाहेर काय केलं व त्याचा उपयोग काय. तिन्ही मिळून ४००० कॅरेक्टर, स्पेस धरून. प्रत्येक उत्तर किमान ३५० चं. इंग्रजीत हे साधारण सहाशे-साडेसहाशे शब्द होतात. नमुन्यातली वाक्यं उचलू नका, युकॅस प्रत्येक मजकूर जुन्या अर्जांशी ताडून बघतं आणि साम्य सापडलं तर विद्यापीठांना कळवतं.

वाटणी समान करायची गरज नाही. मेडिकलसाठी मी पहिल्याला १०००, दुसऱ्याला १२०० आणि उरलेलं तिसऱ्याला देईन, कारण रुग्णालयातलं निरीक्षण तिथेच बसतं.

आता त्या पंधरा दिवसांबद्दल. 'अनेक रुग्ण पाहिले, खूप शिकायला मिळालं' या वाक्यात काहीच नाही. एकच गोष्ट घ्या आणि जवळून दाखवा. आपल्या सड्यांवर फुरसं आहे, घोणस आहे, त्यामुळे सर्पदंशाचा रुग्ण आलेला तिने पाहिला असण्याची शक्यता मोठी. तिथे वीस मिनिटांची रक्त गोठण्याची चाचणी होते. शिरेतून काढलेलं दोनेक मिली रक्त कोरड्या काचेच्या नळीत घालून वीस मिनिटं न हलवता ठेवतात, मग नळी एकदाच कलती करतात. रक्त वाहिलं तर विषाने रक्त गोठवणारे घटक संपवलेत असा अर्थ, आणि प्रतिविष द्यायचा निर्णय होतो. नळी काचेचीच लागते, कारण गोठणं सुरू होतं ते काचेच्या स्पर्शाने. प्लॅस्टिकची किंवा साबणाने धुतलेली नळी चुकीचं उत्तर देते. पण नाग किंवा मण्यार चावला तर नळीतलं रक्त नेहमीसारखं गोठतं, विष मज्जासंस्थेवर जातं. म्हणजे चाचणी ठीक आली तरी पापण्या मिटतायत का, श्वास कसा आहे, हे बघत राहावं लागतं.

हे तिने पाहिलं असेल तर चार वाक्यांत मांडता येईल: काय पाहिलं, का तसं करतात, चाचणी कुठे अपुरी पडते, आणि त्यातून डॉक्टरच्या कामाबद्दल काय समजलं. शेवटचा भाग सगळ्यात महत्त्वाचा, आणि मुलं नेमका तोच गाळतात. पाहिलं नसेल तर हे लिहू नये. केसपेपरच्या खिडकीवरची रांग पाहिली असेल तर ती लिहावी, तीही तितकीच चालते.

भरतीओहोटी
सहमत. भाषेबद्दल थोडं. आपली मुलं मराठीत विचार करतात आणि निबंधाच्या पुस्तकातल्या इंग्रजीत लिहितात, म्हणून 'नोबल प्रोफेशन' आणि 'गोरगरिबांची सेवा' येतं. तिला आधी मराठीत बोलू द्या, फोनवर रेकॉर्ड करा, मग त्यातलं इंग्रजीत लिहायला सांगा. लहानपणीचं स्वप्न काढून टाका. जवळजवळ प्रत्येकाची सुरुवात तीच असते आणि त्यातून मुलीबद्दल काही कळत नाही. नर्सिंग किंवा फार्मसी का नको, डॉक्टरच का, याचं उत्तर मात्र पहिल्या प्रश्नात असायलाच हवं.

आणखी एक. रुग्णाचं नाव तर नकोच, पण वाडी, वय आणि आजार एकत्र लिहिले तरी आपल्याकडे अख्खा तालुका माणूस ओळखतो. 'साठीच्या आसपासची शेतकरी बाई' एवढं पुरे.

सुरंगी_कुडाळ
मनापासून आभार. नळीची चाचणी तिने खरंच पाहिलीय, नर्सबाईंनी घड्याळ लावलं होतं म्हणाली. तिला महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांच्या विंचूदंशाच्या कामाबद्दलही लिहायचंय. चालेल?

कातळसडा
जरूर. फक्त 'पद्मश्री मिळालेले प्रेरणास्थान' एवढ्यावर थांबू नये. लाल विंचवाच्या विषाने शरीरात ॲड्रेनलिनसारखी द्रव्यं भरमसाट सुटतात, रक्तवाहिन्या आवळतात, हृदयावर ताण येऊन फुप्फुसांत पाणी भरतं. डॉ. बावस्करांनी वापरलेलं प्राझोसिन हे औषध तो आवळ सोडवतं. एवढं समजून घेऊन लिहिलं तर ते दुसऱ्या प्रश्नात, बारावीच्या जीवशास्त्राला जोडून छान बसेल. मुलाखतीत यावर पुढचा प्रश्न येणार हे धरूनच चाला. जे दहा मिनिटं बोलता येणार नाही ते स्टेटमेंटमध्ये नको.

खाडीपलीकडे
तारखांचं कोणी बोललं नाही म्हणून लिहिते. मेडिकलची अंतिम तारीख १५ ऑक्टोबर, ब्रिटनचे संध्याकाळचे सहा, म्हणजे आपले रात्रीचे साडेदहा. पाच पर्यायांपैकी मेडिकलचे चारच घेता येतात आणि स्टेटमेंट सगळ्यांना एकच जातं, त्यामुळे कुठल्याही विद्यापीठाचं नाव त्यात घालू नका. यूकॅट ही मेडिकलच्या प्रवेशाची परीक्षा त्याआधी, जुलै ते सप्टेंबरमध्ये होते. काही विद्यापीठं स्टेटमेंटला गुण देतात, काही ते फक्त मुलाखतीत वापरतात आणि निवड यूकॅटवर करतात. काही ठिकाणी राज्य बोर्डाची बारावी थेट धरत नाहीत. हे सगळं प्रत्येकाच्या प्रवेशाच्या पानावर वाचा आणि मगच चार नावं ठरवा.

नीट द्यायचीच. परत येऊन भारतात प्रॅक्टिस करायची तर परदेशी प्रवेश घेतानाही त्यात पात्र ठरलेलं असावं लागतं.

सगळ्यात जास्त अडतं ते शिक्षकांच्या शिफारशीवर. कॉलेजने ती भरल्याशिवाय अर्ज पुढे जात नाही, आणि आपल्याकडे सरांना हा फॉर्म नवीन असतो. गणपतीच्या सुट्टीआधीच सरांना भेटा, मार्कांची यादी आणि स्टेटमेंटचा मसुदा हातात द्या. एकदा पाठवलेलं स्टेटमेंट बदलता येत नाही, तेव्हा शेवटचं वाचन कागदावर छापून, मोठ्याने करा.