मायनर नाइन, इलेव्हन, थर्टीन वाजवताना आवाज गढूळ होतो

प्रश्न – नांदेड
नमस्कार मंडळी. हार्मोनियमवरून कीबोर्डवर आलोय, 61 पट्ट्यांचा. भजन-भावगीतांना साथ करायलो. मायनर सेव्हन कॉर्डपर्यंत (कॉर्ड म्हणजे एकत्र दाबलेले सूर) ठीक आहे, पण नाइन, इलेव्हन, थर्टीनला एकतर बोटं पुरेनात, नाहीतर सगळं गढूळ ऐकू येतं. डी मायनर धरून सांगा: कोणते सूर ठेवायचे, कोणते सोडायचे? आणि स्टाइल (कीबोर्डची आपोआप वाजणारी ताल-बेसची साथ) चालू असली की बेस भलताच वाजतो, तो का?

उत्तर – संभाजीनगर
पांढरी दोनला सा माना. डी, एफ, ए म्हणजे सा, कोमल ग, प. कोमल नी म्हणजे सी आला की सेव्हन. वरच्या सप्तकातला रे, म्हणजे ई, हा नाइन. म, म्हणजे जी, इलेव्हन. शुद्ध ध, म्हणजे बी, थर्टीन. सातही सूर काफी थाटाचे, म्हणून हार्मोनियमवाल्याला हे पाठ करावं लागत नाही.

पण सातही एकदम दाबायचे नसतात. कोमल ग आणि कोमल नी सोडू नका, कॉर्डची ओळख त्यांच्यावर आहे. सर्वांत आधी प सोडा. तो सा च्या उपस्वरांत, म्हणजे सा सोबत आपोआप घुमणाऱ्या वरच्या सुरांत, असतोच. बेसवाला सोबत असेल तर सा सुद्धा त्याच्यावर सोपवा.

गढूळपणा बहुतेक डाव्या हातातून येतो. मधल्या सीच्या एक सप्तक खाली सा-ग एकत्र दाबले की उपस्वर एकमेकांवर आदळतात. तिथे नुसता सा, फार तर सा-प किंवा सा-नी. पेडलही प्रत्येक कॉर्डला उचलून नव्याने दाबा.

नाइन: डावीकडे खालचा डी, उजवीकडे एफ-ए-सी-ई, त्यातला सी मधला. इलेव्हन: डावीकडे डी-जी-सी, उजवीकडे एफ-ए. जॅझवाले याला 'सो व्हॉट' व्हॉइसिंग (सुरांची मांडणी) म्हणतात, आणि मला तरी मायनर इलेव्हनची याहून मोकळी मांडणी माहीत नाही. मेजरमध्ये शुद्ध ग आणि वरचा म टोचतात, इथे ग कोमल असल्याने ती अडचणच येत नाही.

थर्टीन: डावीकडे डी-सी, उजवीकडे एफ-बी-ई. मात्र एफ-बी ही जोडी जी सेव्हनचीच आहे. पुढे जी सेव्हन येणार असेल तर थर्टीन टाळा, नाहीतर त्याची ओढ आधीच संपते.

उत्तर – लातूर
बेसचं कारण सोपं आहे. स्प्लिटच्या (जिथे पट्ट्या डाव्या-उजव्या हातात वाटल्या जातात त्या जागेच्या) खाली एफ-ए-सी-ई धरलं की कीबोर्ड त्याला एफ मेजर सेव्हन समजतो आणि बेस एफवर जातो. स्प्लिटखाली डी-एफ-ए-सी धरा, ई उजव्या हाताने द्या.

सरावाला हे घ्या: एफ-ए-सी-ई धरून फक्त सी खाली बीवर आणा, जी थर्टीन झाला. मग बी तसाच ठेवा, एफ ईवर, ए जीवर, वरचा ई डीवर: सी मेजर नाइन. डाव्या हाताने या तीन कॉर्डना क्रमाने डी, जी, सी. आधी मेट्रोनोम 60 वर, कॉर्डला चार ठोके. बोटं पट्ट्यांवरून उचलू नका, हललेला सूरच तेवढा सरकवा.

उत्तर – बीड
एक सावधगिरी: प्रत्येक मायनरला शुद्ध ध चालत नाही. सी मेजरच्या गाण्यात ए मायनर आला तर त्याचा ध एफ, म्हणजे कोमल. तो खालच्या ईशी, म्हणजे प शी, टोचतो. तिथे नाइन किंवा इलेव्हनवर थांबा. ई मायनरला तर रे सुद्धा कोमल, कारण एफ. तिथे सेव्हन वाजवा, किंवा नाइन वगळून इलेव्हन.

गायक आसावरी किंवा भैरवी अंगाने गात असेल तेव्हा त्याचा ध कोणता, हे आलापातच ऐकून घ्या. कोमल ध वर त्याने मुक्काम केला आणि तुमच्या थर्टीनमध्ये शुद्ध ध असला, तर गाणारा बेसूर वाटतो.

प्रश्नकर्ता – नांदेड
गायकाची पट्टी काळी एक, म्हणजे सी शार्प. ट्रान्सपोज (सगळे सूर वर-खाली सरकवणारी सोय) लावू का?

उत्तर – लातूर
कार्यक्रमात लावा: पांढरी एकला सा धरून वाजवत असाल तर अधिक एक, पांढरी दोनला धरून वाजवत असाल तर उणे एक. घरी मात्र तो शून्यावर ठेवून हाच सराव डी, सी, बी फ्लॅट असा एकेक स्वर खाली उतरवत करा. सहा पट्ट्या झाल्या की सी शार्पपासून पुन्हा तसंच.