चार्टर शाळा 'आमच्याकडे विशेष शिक्षणाची सोय नाही' म्हणू शकते का?

रेवा_जर्सी: अमेरिकेतले, अपंगत्व असलेल्या मुलांचे मराठी पालक हे सारखं विचारतात, म्हणून धागा. चार्टर शाळा सनदेवर (मुदतीच्या परवान्यावर) स्वतंत्रपणे, पण सरकारी पैशावर चालणारी पब्लिक शाळाच आहे. 'आयडिया' हा अपंग मुलांच्या शिक्षणाचा कायदा (मूळचा १९७५चा) आणि अपंगत्वावरून भेदभाव रोखणारं पुनर्वसन कायद्याचं कलम ५०४ (१९७३) तिला पूर्ण लागू. आयईपी (मुलाला द्यायच्या खास सेवांचा लेखी आराखडा) आहे म्हणून प्रवेश नाकारणं बेकायदा. ज्या चार्टरला हे झेपत नाही, तिची सनद वाढवू नये, असं माझं स्पष्ट मत.

खर्चाचा_हिशेब: असहमत. दोनशे मुलांची शाळा. एका मुलाला दिवसभर स्वतंत्र पॅरा (मदतनीस), स्पीच (बोलण्याची थेरपी), वाहतूक. केंद्राने विशेष शिक्षणासाठी सरासरी विद्यार्थी-खर्चाच्या ४० टक्क्यांपर्यंत मदतीचं लक्ष्य ठेवलं, ते आजवर एकदाही गाठलेलं नाही. डिस्ट्रिक्ट (भागातल्या सरकारी शाळा चालवणारी संस्था) हा भार हजारो मुलांवर पसरवतं, एकटी चार्टर कुठे पसरवणार? सनद गेली तर त्या मुलाचीही शाळा जाते.

रेवा_जर्सी: भार कोणाचा, हे राज्याच्या कायद्यावर ठरतं. चार्टर स्वतःच एलईए (कायद्याने स्वतंत्र स्थानिक शिक्षण संस्था) असेल तर जबाबदारी तिची; डिस्ट्रिक्टचा भाग असेल तर सहसा डिस्ट्रिक्टची. हे पहिल्याच दिवशी लेखी विचारा, नाहीतर दोघं एकमेकांकडे बोट दाखवतात. आणि नकार सरळ येत नाही हो. आयईपीत 'स्पीच, आठवड्यातून २ वेळा, ३० मिनिटं' असतं, नव्या मसुद्यात ते 'गरजेनुसार' होतं, कारण थेरपिस्ट मंगळवारीच येते. शाळेच्या वेळापत्रकावरून सेवा ठरवणं, हीच खरी पळवाट.

मध्यमा: दोघांचं वाचलं. पालकांसाठी: मुलाला विशेष शिक्षण लागतं का, या मूल्यमापनाची मागणी तारखेसह ईमेलने करा. 'आधी काही महिने वर्गात उपाय करून बघू' म्हणून शाळेला ती टाळता येत नाही. तुमच्या लेखी संमतीपासून ६० दिवसांत मूल्यमापन (राज्याची मुदत वेगळी असू शकते), पात्र ठरल्यावर ३० दिवसांत आयईपीची बैठक. सेवा नाकारली किंवा बदलली तर शाळेला कारणांसह लेखी नोटीस द्यावीच लागते, ती मागा. इंग्रजी जड जात असेल तर बैठकीला मराठी दुभाषा शाळेच्या खर्चाने मिळतो. 'आज लवकर घेऊन जा' असे फोन येत असतील तर प्रत्येक तारीख टिपून ठेवा: हे निलंबनच ठरू शकतं, आणि असे दिवस १० च्या वर गेले की वर्तनाचा संबंध अपंगत्वाशी आहे का याची तपासणी सहसा करावी लागते. राज्याकडे तक्रार वर्षाच्या आत करा, निकाल ६० दिवसांत.

खर्चाचा_हिशेब: उपयुक्त. पण तक्रारीने थेरपिस्ट पैदा होत नाही. कॅलिफोर्नियात चार्टर शाळा सेल्पा या विशेष शिक्षणासाठीच्या गटात सामील होऊन तज्ज्ञ आणि पैसा वाटून घेतात. ते आधी सगळीकडे करा, सनदेचं मग बोलू.

रेवा_जर्सी: गट हवेतच. पण न्यू ऑर्लिन्समध्ये २००५नंतर जवळपास सगळ्या शाळा चार्टर झाल्या, विशेष शिक्षण नीट मिळत नाही म्हणून २०१०मध्ये विद्यार्थ्यांच्या वतीने दावा दाखल झाला, आणि स्वतंत्र देखरेखीची तडजोड व्हायला २०१५ उजाडलं. पाच वर्षांत मूल पहिलीतून सहावीत जातं. गट जुळेपर्यंत त्याची स्पीच कोण घेणार, ते सांगा.