तालमींच्या गावात बॉल कशाला?

फिजिओ_शाहूपुरी: "जिममधला तो मोठा बॉल म्हणजे नुसता फुगा. पाठ दुखते? रोज शंभर जोर मारा, आपोआप बरी होते." ही पोस्ट कालपासून ग्रुपवर फिरतेय, म्हणून सविस्तर लिहिते. जोर काढताना कंबर आधी गोल होते, मग कमानीसारखी ताणली जाते. दुखऱ्या कमरेला हा हेलकावा शंभरदा देणं धोक्याचं आहे. बॉल 1963 मध्ये इटलीत अक्विलिनो कोसानी यांनी बनवला, पण 'स्विस बॉल' हे नाव मिळालं ते स्वित्झर्लंडमधल्या उपचारांमुळे. बाझेलच्या सुझान क्लाइन-फोगेलबाख यांनी तो फिजिओथेरपीत रुळवला. ज्या वस्तूवर रुग्ण पुन्हा तोल सांभाळायला शिकतात, तिला फुगा म्हणू नका.

लालमाती: ताई, डिस्क सरकलेल्याला कुणी जोर मारायला सांगत नाही. बोलणं धडधाकट माणसाचं चाललंय. शाहू महाराजांनी 1912 मध्ये आपल्या कोल्हापुरात खासबागचं कुस्ती मैदान उभं केलं, तेव्हा कुणाच्या हातात बॉल होता? जोर काढताना छाती, खांदे, दंड, पोट एका दमात निघतं. छाती दोन्ही हातांच्या मधून जमिनीलगत पुढं काढायची, नजर वर, मग ढुंगण मागं. बॉलवर लोळून यातलं काय मिळतं?

जिम_राजारामपुरी: अर्धं पटलं. बॉलवर पाठ टेकून डंबेल मारणाऱ्यांना मीही रोज उठवतो. बूड हलत असलं की ताकद तोल सांभाळण्यात जाते, छातीला कमी मिळते. बाकावर वीस-वीस किलो उचलणारा बॉलवर बारालाच थरथरतो. वर बॉल सरकला तर डंबेल तोंडावर. बॉलवर छापलेला वजनाचा आकडाही स्थिर भाराचा असतो, धपकन बसण्याचा नाही. ऑफिसात खुर्चीऐवजी बॉल ठेवणं हेही खूळच. अर्ध्या तासात पाठ थकते, माणूस कुबड काढून बसतो आणि टेकायला मागं काही नसतं.

फिजिओ_शाहूपुरी: वजनाचं आणि खुर्चीचं मान्य. पण पोटासाठी बॉलला तोड नाही. कोपरं बॉलवर ठेवून प्लँक धरा, म्हणजे अंग फळीसारखं सरळ, पाय खांद्यांपेक्षा रुंद, आणि कोपरांनी ताटाएवढे गोल काढा. आठ उजवीकडं, आठ डावीकडं. कंबर खाली झुकली की तिथंच थांबायचं, आकडा पुरा करायला रेटायचं नाही. मांडीच्या मागच्या स्नायूंसाठी उताणं झोपा, टाचा बॉलवर, ढुंगण उचला, बॉल ओढून आणा. परत नेताना तीन आकडे मोजा. खरा व्यायाम त्या परतीतच आहे, आणि तिथंच सगळे घाई करतात.

लालमाती: हे सगळं मातीत होतं!

फिजिओ_शाहूपुरी: होतं, कारण माती हलते. आखाडा रोज फावड्यानं उकरतात, तेल, हळद, ताक घालून मऊ ठेवतात. पाय रुततो, घोटा डगमगतो, कंबर तोल धरते. मऊ मातीचं हे देणं तुम्ही जोरांच्या नावावर लावताय. तेच जोर तिसऱ्या मजल्यावरच्या फरशीवर काढा, तोल धरायचं काम उरत नाही आणि मनगट आधी बोलतं.

लालमाती: मातीला बॉलच्या पंगतीला बसवू नका! मातीत समोर माणूस असतो, तो ओढतो, ढकलतो. बॉल कुणाला ढाकेचा डाव लावतो का?

जिम_राजारामपुरी: भावा, आवाज नको. कुस्तीगीर आणि बँकेत आठ तास बसणारा यांना एकाच मापानं मोजून भांडताय दोघंही.

लालमाती: आवाज चढणारच. तालमीत पोरं कमी झालीत आणि गल्लोगल्ली प्लास्टिक आलंय. पण फरशीवर जोर काढू नयेत, हे मी कबूल करतो. काढायचेच तर लाकडी हत्ते घ्या, मनगट सरळ राहतं. आणि ते कोपरांचे गोल... करून बघायला हरकत नाही. बैठका मात्र बॉलवर होत नाहीत, हे लिहून ठेवा.

रंकाळा_सकाळ: भांडण बाजूला ठेवून कुणीतरी बॉलचं माप सांगेल का? उंची 5 फूट 4 इंच. दुकानदारानं 75 सेंटिमीटरचा गळ्यात मारलाय.

फिजिओ_शाहूपुरी: बदलून घ्या, 55 सेंटिमीटर लागतो. 5 फूट 7 पासून साधारण 6 फुटांपर्यंत 65, त्यावर 75. बसल्यावर तळवे पूर्ण टेकले पाहिजेत आणि मांडी गुडघ्याकडं किंचित उतरती हवी. मोठ्या बॉलवर पाय अधांतरी राहतात आणि कंबर मागं ओढली जाते. पहिल्या दिवशी ऐंशी टक्केच हवा भरा, चोवीस तास ठेवा, प्लास्टिक ताणलं की उरलेली भरा. भिंतीवर 55 सेंटिमीटरला खूण करा, बॉलचा माथा तिथं आला की पंप बंद. डोळ्यांच्या अंदाजानं भरलेला बॉल नेहमी मऊ राहतो, आणि मऊ बॉलवर तोल सोपा जातो, म्हणून व्यायाम निम्मा होतो.

जिम_राजारामपुरी: खाली रबरी चटई, पाय अनवाणी. मे महिन्यात गच्चीवर ठेवू नका, आतली हवा फुगते आणि प्लास्टिक सैल पडतं. फुटीरोधक लिहिलेलाच घ्या, भोक पडलं तरी तो हळूहळू बसतो, साधा एकदम फुटतो. चक्कर येणाऱ्यांनी आणि हाडं ठिसूळ असलेल्यांनी एकट्यानं बसू नये.

रंकाळा_सकाळ: दुकानदार म्हणतो, एकदा हवा भरलेला माल परत घेत नाही.

लालमाती: उद्या संध्याकाळी मी येतो तुमच्याबरोबर. बघू कसा घेत नाही.