मिशन कंपाउंडातली बंद खोली अभ्यासिकेला द्यावी का? तरुण घडवणं हे चर्चच्या मंडळीचं काम आहे की नाही?

कपाशीचं_बोंड (धागाकर्ता)

सगळ्यांना जय ख्रिस्त. आमच्या तालुक्याच्या गावी मिशन कंपाउंडात जुन्या वसतिगृहाच्या दोन खोल्या कैक वर्षांपासून कुलपात आहेत. पोलीस भरती, तलाठी, नर्सिंगची तयारी करणाऱ्या पोरापोरींनी मंडळीच्या कमिटीकडे अर्ज केला: एक खोली अभ्यासिकेला द्या, किल्ली तरुण संघाकडे असू द्या, वीजबिल आणि झाडझूड आम्ही पाहतो. अर्ज फेटाळला गेला. उत्तर मिळालं, नाताळचा कार्यक्रम यंदा पूर्ण तुमच्याकडे देतो, खोलीचं राहू द्या.

आपल्या मंडळ्या तरुणांना काम देतात, अधिकार देत नाहीत. खुर्च्या लावणं, गव्हाणीचा देखावा, थंडीत रात्रभर कॅरोल घेऊन वस्त्या फिरणं, हे सगळं पोरांनी करायचं. वर्गणी कुठे खर्च होते, कंपाउंडातली जागा कशाला वापरायची, हे ठरताना मात्र ती दाराबाहेर. मग पोरगं पंचविशीत पुण्याला निघून जातं आणि आपण म्हणतो, आजच्या पिढीला मंडळीची ओढ नाही.

वायएमसीए, म्हणजे ख्रिस्ती तरुणांची संघटना, १८४४ मध्ये लंडनला सुरू झाली, ती कुठल्या बिशपच्या हुकमाने नाही. कापडाच्या पेढीवर राबणाऱ्या २२ वर्षांच्या जॉर्ज विल्यम्सने सोबतच्या कामगार पोरांना घेऊन ती सुरू केली. आपल्या गावोगावी संध्याकाळी व्हॉलीबॉलची जाळी लागते ना, तो खेळसुद्धा १८९५ मध्ये अमेरिकेतल्या वायएमसीएच्या विल्यम मॉर्गनने काढला. आपल्या देशातले अझरिया घ्या. वायएमसीएचे सेक्रेटरी म्हणून दक्षिणेत फिरले आणि १९०३ मध्ये तिरुनेलवेलीत भारतीयांच्याच पैशावर चालणारी मिशनरी सोसायटी उभी करण्यात पुढे राहिले, तेव्हा तिशीही गाठली नव्हती. १९१० साली एडिनबर्गच्या मिशनरी परिषदेत त्यांनी गोऱ्या मिशनऱ्यांना तोंडावर सांगितलं की तुम्ही आमच्यासाठी त्याग केलात, आता आम्हाला मित्र द्या. दोनच वर्षांनी ते दोर्णकलचे बिशप झाले, अँग्लिकन चर्चचे पहिले भारतीय बिशप. तेव्हा साहेब बसायचे त्या खुर्चीत आज आपले वडीलधारे आहेत, आणि अझरिया उभे होते त्या जागी आपली पोरं.

निवृत्त_मास्तर

तुमची तळमळ समजते, पण बाजू अर्धीच मांडलीत. कंपाउंडाची जागा ट्रस्टची असते. हिशेब धर्मादाय आयुक्तांकडे जातो, सही कमिटीची असते. मिशनच्या जागांवर किती अतिक्रमणं झाली आणि किती दावे वर्षानुवर्षं कोर्टात पडून आहेत, हे खेड्यातल्या कुठल्याही जुन्या वडिलांना विचारा. एकदा दिलेली खोली परत मिळवताना आमची हयात गेली आहे. खोलीत काही कमीजास्त झालं तर तारखेला तरुण संघ उभा राहणार नाही, आम्हीच राहू.

आणि पोरं घडतात कशाने? आम्ही त्याच वसतिगृहात वाढलो. पाळकसाहेब, म्हणजे मंडळीचे धर्मगुरू, पहाटे स्वतः कंदील घेऊन यायचे. आधी प्रार्थना, मग पाढे, मग विहिरीचं पाणी शेंदून वांग्याच्या वाफ्यांना घालायचं. कोणी चुकलं तर साहेब त्याला काही बोलायचे नाहीत, स्वतः बादली उचलायचे. त्या शिस्तीतून शिक्षक निघाले, कंपाउंडर निघाले, परिचारिका निघाल्या. बायबलमध्ये पौलाने आपल्या शिष्याला, तीमथ्याला, तरुणपणी मंडळी सोपवली हे खरं, पण आधी सोबत फिरवलं. आणि नवशिक्याला अध्यक्षपद देऊ नये, असंही त्यालाच लिहिलं.

एक वास्तव असंही की शिकलेला पाळक आता खेड्यात टिकत नाही. पाळक तयार करणारी यवतमाळची सेमिनरी १९८३ मध्ये पुण्याला गेली. सेमिनरी जिल्ह्यात असणं आणि पुण्यात असणं यात फरक पडतोच. एकेका पाळकाकडे चार-चार गावं. पोरांना वळण लावायला माणूस कुठून आणायचा? ते आधी सांगा, खोलीचं मग बोलू.

पेटीवाली

मास्तर, तुमच्याबद्दल आदर आहे, पण वळण लावणारं माणूस तुमच्या समोरच बसलेलं आहे. आमच्या मंडळीत संडे स्कूल तीन मुली चालवतात. पाळकसाहेब दुसऱ्या गावी असले की गीतं आम्हीच बसवतो, आजारी घरी प्रार्थनेला आम्हीच जातो, उन्हाळ्याच्या सुटीतलं मुलांचं शिबिर आम्हीच उभं करतो. कमिटीत मात्र एकही मुलगी नाही. मी संडे स्कूलसाठी रंगीत खडू आणि चित्रांचे तक्ते मागितले तर तीन बैठकांत विषयच निघाला नाही, त्याच महिन्यात व्यासपीठाच्या फरशा बदलल्या.

नवशिक्याचं वचन तुम्ही दिलंत. त्याच पत्रात थोडं पुढे पौल लिहितो की तुझ्या तरुणपणाला कोणी तुच्छ लेखू नये. ते वचन तरुणांच्या मेळाव्यात बॅनरवर असतं. बैठकीत कोणी काढत नाही.

वर्धाकाठचा

मले तुमच्या दोघाइचंही पटत नाही. आमच्या गावात ख्रिस्ती घरं बोटावर मोजण्याइतकी. पोट्टे सकायपासून पानठेल्यावर खर्रा घोटून राह्यले, संध्याकाई दारू. त्याइले अभ्यासिका दिली त थे तिथं मोबाइल पाहत बसतीन.

आमच्याकडे बदल झाला तो शुक्रवारच्या प्रार्थनेनं. चालवणारा पाळक नाही, ट्रॅक्टर चालवणारा एक दादा आहे, सातवी शिकलेला. त्याचा स्वतःचा खर्रा सुटला होता म्हणून पोट्टे त्याचं ऐकत. पहिल्यांदा दोघंजण आले. त्याइनं कोणाले उपदेश नाही केला, रातभर सोबत बसला, तलफ आली की भुईमुगाच्या शेंगा द्यायचा अन् गाणं म्हणायचा. आता त्याच पोट्ट्याइतला एक जण बारदान्याच्या कामावर मुकादम आहे. मंडळीनं आत्म्याचं काम करावं. कोचिंग क्लास बाहेर ढिगानं हाये. एकदा चर्चची संस्था झाली की प्रार्थना मांगं पडते, हे मी पाह्यलं हाये.

भीमनगरचा_शेजारी

मी बौद्ध आहे, तरी लिहितो, कारण माझी आई मिशनच्या शाळेत शिकली आणि आमच्या विहारात आम्ही पोरांनीच अभ्यासिका चालवली आहे. खुर्च्या वर्गणीतून, पुस्तकं जुन्या उमेदवारांकडून. वडीलधाऱ्यांनी सुरुवातीला नाकं मुरडली, आता तेच नव्या पोरांना हात धरून आणून सोडतात. १६०० मीटर धावण्याचा सराव पहाटे रस्त्यावर, मग थेट अभ्यासिका.

तुमच्या नेतृत्वाने आणखी एक विषय हाती घ्यावा. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा धर्माला जोडला. शिखांना १९५६ मध्ये आणि आम्हाला १९९० मध्ये तो मिळाला. दलित ख्रिस्ती पोरगं अजून बाहेर आहे. मेळघाटातल्या कोरकू ख्रिस्ती मुलाला मात्र जमातीचा दर्जा राहतो, कारण जमातीला ती अट नाही. शेजारच्या बाकावरच्या दोन पोरांना शिष्यवृत्तीचा वेगळा नियम का, हे तुमच्या किती पाळकांनी तरुणांना बसवून समजावलं? फॉर्म भरायच्या दिवशी पोरगं गोंधळून जातं, तेव्हा त्याला उपदेश नको असतो, माहिती असलेला मोठा माणूस लागतो.

आणि प्रश्न असा की ती खोली आमच्या पोरांनाही उघडी असेल का?

निवृत्त_मास्तर

शेजारी, तुमचं स्वागतच आहे. पण काळ कसा आहे तुम्हाला ठाऊक आहे. बाहेरची पोरं मिशनच्या खोलीत दिसली की उद्या कोणीतरी धर्मांतराचा आळ घेईल आणि पोलीस पाळकाच्या दारात. ही भीती काल्पनिक नाही.

कपाशीचं_बोंड

मास्तर, भीती खरी आहे, पण तिच्यासाठी दार बंद करणं मला मान्य नाही. कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांकडे पाहा. नगरला त्यांच्या घरी बालकवी ठोंबरे मुलासारखे राहिले. टिळकांनी आणि लक्ष्मीबाईंनी त्यांना जेवू घातलं, कविता ऐकल्या, रुसवे काढले. बालकवी शेवटपर्यंत ख्रिस्ती झाले नाहीत आणि टिळकांच्या मायेत त्याने फरक पडला नाही. मराठी माणसाला ख्रिस्ती नेतृत्वाचा याहून स्वच्छ नमुना दाखवायची गरज नाही. खोलीत फक्त अभ्यास, दारावर वेळापत्रक, वहीत नावनोंदणी, सगळ्या समाजाची पोरं. लपवण्यासारखं काहीच नसेल तर आळ टिकत नाही.

वर्धाकाठचे दादा, तुमच्या ट्रॅक्टरवाल्याबद्दल वाचून आनंद झाला, आणि तो माझ्याच बाजूचा पुरावा आहे. त्याला कमिटीने नेमलं नव्हतं. त्याच्यावर पोरांनी विश्वास टाकला, आणि सुदैवाने त्याला कोणी अडवलं नाही.

वर्धाकाठचा

हे बरोबर. पण प्रार्थनेशिवाय थो उभा राह्यला नसता, हे बी लिहा.

कपाशीचं_बोंड

लिहितो, आणि मानतोही. मास्तर, तुमच्या कायद्याच्या मुद्द्यावर माझा प्रस्ताव: ११ महिन्यांचा लेखी करार, भाडं नाममात्र. मीटर ट्रस्टच्याच नावावर. दर महिन्याचा हिशेब रविवारच्या उपासनेनंतर मोठ्याने वाचायचा. देखरेखीला पाच जण: कमिटीचे दोन, तरुण संघाचे तीन, त्यांत किमान दोन मुली. किल्ल्या दोन, एक तुमच्याकडे. उघडायची आणि बंद करायची वेळ मात्र पोरं ठरवतील.

निवृत्त_मास्तर

कराराचा कागद कमिटीपुढे ठेवायला मी तयार आहे. मंजूर होईल असा शब्द देत नाही. हिशेब उपासनेनंतर वाचणं चांगलं, आमचाही वाचला जावा. पण वेळ पोरं ठरवणार हे मान्य नाही. रात्री दहानंतर खोली बंद.

पेटीवाली

रात्रीचं दहा चालेल मास्तर. पहाटेचं बोला. भरतीच्या दिवसांत पोरी पाचला धावून येतात, घरी उजेडाची जागा नसते. पाचला दार कोण उघडणार?